आधी मंजूर नकाशा दाखवा, मग नारळ फोडा

सार्वजनिक बागेत, जुन्या ऐतिहासिक इमारतीला खेटून, परवानगीशिवाय काही उभं करायचं असेल तर त्याची एक ठरलेली रीत आहे. एका रविवारी जेसीबी येतो. 'साफसफाई चाललीय.' मग मुरमाच्या दोन ट्रॉल्या पडतात. 'चिखल होतो म्हणून.' मग पत्रे येतात, 'माळ्याचं सामान ठेवायला.' मग कॉलमचे खड्डे. या टप्प्यावर कोणी विचारलंच, तर 'कागदं प्रोसेसमध्ये आहेत' असं उत्तर मिळतं. मग भूमिपूजन, फ्लेक्स, नारळ, पेढे, स्टेटसला फोटो. स्लॅब पडला की वाक्य बदलतं: 'आता झालंच आहे तर पाडता कशाला? जनतेचाच पैसा आहे ना?'

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. पैसा जनतेचा, जागा जनतेची, शेजारची इमारतही जनतेची. फक्त जनतेला विचारायचं तेवढं राहून गेलं. परवानगी म्हणजे साहेबांच्या टेबलावरचा शिक्का, त्यासाठी चार चकरा मारायच्या, असा आपला समज झालेला आहे. घर बांधताना तो अनुभव येतोही. पण सार्वजनिक जागेच्या बाबतीत ती एकच वेळ अशी असते, जेव्हा खर्च होण्याआधी आणि खड्डा पडण्याआधी कोणाला तरी काही प्रश्नांची उत्तरं कागदावर द्यावी लागतात. हे का बांधायचं? इथेच का? केवढं? शेजारच्या भिंतीचं काय होणार? नकाशा काढावा लागतो, तो कोणाला तरी तपासावा लागतो, खाली सही करावी लागते. परवानगी टाळली की हे सगळे प्रश्नच टळतात. आणि स्लॅब पडल्यावर तेच प्रश्न विचारणारा माणूस 'विकासाच्या आड येणारा' ठरतो.

मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा कोण कोणाचा माणूस यावर जाते आणि बांधकाम बाजूला राहतं. शिवाय तुमच्या गावातही हेच चालू असण्याची शक्यता भरपूर आहे.

आमच्याकडे जुनी माणसं बागेला अजून चमन म्हणतात. जालन्यात गांधी चमन आहे ना, तसंच. आमच्या चमनमध्ये निजामाच्या राज्यातली एक दगडी कचेरी आहे. पाच कमानींचा व्हरांडा, सागवानी दारं, चुन्यात बांधलेल्या हातभर जाड भिंती. बरीच वर्षं कुलूप आहे. आत पाकोळ्या आणि मतदानाच्या वेळचं मोडकं फर्निचर. बाहेर मात्र चार कडुलिंब, एक चिंच आणि ओटा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत बाईमाणसाला काही विकत न घेता, कोणाच्या घरी न जाता, 'इथं का बसलीस' हे ऐकून न घेता तासभर बसता येईल अशी आमच्या गावात देऊळ सोडलं तर ही एकच जागा. माझ्या आईच्या वयाच्या बायका तिथे बसतात, लसूण सोलतात, सुनांची गाऱ्हाणी सांगतात. त्यांच्या सुना दुसऱ्या बाकड्यावर बसून सासवांची सांगतात. अशा जागेची किंमत कुठल्याही अंदाजपत्रकात येत नाही.

या कचेरीच्या उत्तरेच्या भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर उन्हाळ्यात कॉलमचे खड्डे पडले. कामाचा फलक नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, 'स्पर्धा परीक्षा अभ्यासिका व बहुउद्देशीय सभागृह' होणार आहे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तरात प्रशासकीय मान्यतेची प्रत आली, म्हणजे पैसे खर्च करायला मंजुरी आहे एवढाच कागद. मंजूर नकाशा मागितला होता, त्यापुढे 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहिलेलं. जुन्या इमारतीची पाहणी कोणी केली का, या प्रश्नापुढे 'निरंक'. खड्डे मात्र सुरू नव्हते, पूर्ण झाले होते.

माझ्या वर्गातला एक मित्र मला म्हणाला, "तू स्वतः एमपीएससी करतेस. पैसे देऊन कोंदट खोलीत बसतेस. फुकटात अभ्यासिका होतेय तर कामून आडवी येतीस?"

प्रश्न खरा आहे. आमच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं आहेत, त्यामुळे अभ्यासिका म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तालुक्याच्या गावातल्या पोरापोरींना पंखा, उजेड आणि शांतता असलेली खुर्ची मिळणं ही चैन नाही. तरीही माझा विरोध आहे, आणि त्याची कारणं सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पहिली गोष्ट, हे चांगलं काम बागेतच का येतं, ते बघा. अभ्यासिका, व्यायामशाळा, ज्येष्ठांचा कट्टा, पाण्याची टाकी, योगा हॉल. कारण बागेची जागा फुकट असते. संपादन नाही, मोबदला नाही, कोर्टात जाणारा मालक नाही. बागेचा मालक म्हणजे आपण सगळे, आणि आपण सगळे म्हणजे आयत्या वेळी कोणीच नाही. प्रत्येक कामाचा हेतू चांगलाच असतो. दहा चांगली कामं झाली की बाग संपते. आमच्या 'बहुउद्देशीय' या शब्दावरही जरा थांबा. ज्यांनी तालुक्याच्या गावातली बहुउद्देशीय सभागृहं पाहिली आहेत, त्यांना त्यातला उद्देश कुठल्या लग्नतिथींना सुरू होतो ते माहीत आहे. डीजे लागल्यावर राज्यशास्त्र वाचून दाखवा.

चांगला हेतू पुरेसा असतो का, हा प्रश्न बंगळूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. तिथल्या एका वसाहतीच्या आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी संस्थेला नर्सिंग होमसाठी दिली गेली होती. आता दवाखाना ही काही वाईट गोष्ट नाही. पण रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवलं. मोकळी जागा ही लोकांच्या आरोग्याची गरज आहे, ती वरून आलेल्या आदेशाने दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, आणि शेजारी राहणाऱ्या साध्या माणसालाही तिच्यासाठी भांडायचा हक्क आहे, असा त्या निकालाचा अर्थ. माझ्या मित्राला मी हेच म्हणते: अभ्यासिका हवीच, पण ती चांगली आहे म्हणून ती कुठेही आणि कशीही बांधता येते असं होत नाही.

दुसरं कारण मातीचं आहे. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा खोलात जाते.

मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांमध्ये आपण लहानपणी हात घातलेला आहे. त्या मातीवर जुनी दगडी इमारत उभी राहते, कारण तिच्या भिंती जाड असतात, पाया रुंद असतो, आणि दगडांमधला चुना सिमेंटसारखा ताठर नसतो. तो थोडा सरकून घेतो. बारीक तडा गेला तर ओलीत चुना पुन्हा थोडा भरूनही येतो. अशी इमारत तिच्या सभोवतालच्या मातीसकट उभी असते. कित्येक दशकं दबून घट्ट बसलेली ती माती पायाला बाजूने आधार देते. तुम्ही सहा फुटांवर खोल खड्डे घेतले की तो आधार एका अंगाने काढून घेतला. खड्डे उघडे ठेवून पाऊस पडू दिलात की पाणी थेट पायाखाली. मग तिथे आरसीसीची इमारत उभी राहते. तिच्या गच्चीचं पाणी पाइपने खाली, जुन्या भिंतीच्या बुडाशी. तिच्या स्वच्छतागृहाचा शोषखड्डा नेमका दोन इमारतींच्या मधल्या बोळीत, कारण दुसरीकडे दिसायला वाईट दिसतो. भिंतीला ओल चढते. मग कोणी तरी म्हणतं, प्लास्टर करून घ्या. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर म्हणजे तापलेल्या माणसाला रेनकोट घालणं. आतली ओल बाहेर पडत नाही, दगड खारवतो, पापुद्रे सुटतात. पाच-सात वर्षांनी एक कमान खचते आणि इंजिनिअर अहवाल देतो: इमारत धोकादायक, पाडण्यास हरकत नाही.

अशा वेळी इमारत पाडली असं कोणी म्हणत नाही. म्हातारी झाली होती, पडली, असंच सगळे म्हणतात.

'तशीही पडकीच आहे, कोणत्या यादीत आहे ती?' हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर दिल्लीच्या एका घुमटीने दिलं आहे. डिफेन्स कॉलनीत बागेच्या मधोमध शेख अलीची घुमटी नावाची लोदी काळातली समाधी आहे, म्हणजे पाचशे वर्षांच्या पुढची. १९६० च्या दशकापासून ती तिथल्या रहिवासी संघटनेच्या ताब्यात होती. त्यांनी आत कार्यालय थाटलं. बाजूला महापालिकेचं कार्यालय आणि वाहनतळ. पुरातत्त्व खात्याने तिला संरक्षित स्मारक करायची प्रक्रिया सुरू केली, आणि नंतर स्वतःच हात वर केले. कारण काय? एक तर रहिवासी संघटनेचा विरोध, आणि दुसरं म्हणजे वास्तूत आता बरेच फेरफार झालेले आहेत! म्हणजे ज्यांनी वास्तू बिघडवली, त्यांचं बिघडवणं हेच तिला संरक्षण न देण्याचं कारण झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २०२४ मध्ये न्यायाधीशांनी पुरातत्त्व खात्यालाच फैलावर घेतलं, २०२५ मध्ये घुमटी रिकामी करायला लावली आणि संघटनेला ४० लाख रुपये भरायला सांगितले. यात झोपडीवाले, टपरीवाले कोणी नव्हते. शिकलेली, पेन्शनवाली, सभ्य माणसं होती. ऐतिहासिक वास्तूचं वाटोळं करायला गुंड लागत नाहीत, हे मला त्या प्रकरणातून जास्त कळलं.

'एवढा खर्च झालाय, आता पाडणं म्हणजे नासाडी' या युक्तिवादाचा निकाल तर १९९९ सालीच लागलेला आहे, लखनौच्या अमिनाबाद बाजारात. तिथे झंडेवाला पार्क नावाची बाग आहे. स्वातंत्र्यलढ्यात तिथे सभा व्हायच्या, झेंडा फडकायचा, म्हणून ते नाव. गजबजलेल्या बाजारात श्वास घ्यायला तेवढीच एक जागा. १९९३ मध्ये तिथल्या महापालिकेने एका बिल्डरशी करार केला: बागेच्या पोटात भुयारी बाजार बांधा, वर पुन्हा बाग करून देऊ. निविदा नाही, मंजूर नकाशा नाही. काम धडाक्यात सुरू झालं. लोक कोर्टात गेले, उच्च न्यायालयाने करार रद्द केला, बिल्डर सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं तुम्ही ओळखलंच असेल: एवढे पैसे घातलेत, दुकानदारांचं काय, आता आहे ते राहू द्या. न्यायालयाने ऐकलं नाही. बाग ही महापालिकेकडे लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे, तिचं जतन हे महापालिकेचं कर्तव्य आहे, आणि बेकायदा बांधणाऱ्याच्या खर्चाची दया करायची नसते, असा त्या निकालाचा रोख होता. भुयारी बाजार उखडून बाग पूर्ववत करा, असा आदेश झाला. जालन्यातल्या एखाद्या मुख्याधिकाऱ्याने मनावर घेतलं तर या एका निकालाच्या आधारावर किती खड्डे बुजवता येतील!

पण लखनौचे लोक सहा वर्षं लढले. आपल्याकडे सहा वर्षांत दोन निवडणुका आणि तीन मुख्याधिकारी होऊन जातात. म्हणूनच मी स्लॅब पडायच्या आत बोला म्हणते.

आता कोणी म्हणेल, दिल्ली-लखनौ-बंगळूर सोडा, आपल्या महाराष्ट्रात काय? तर भायखळ्याची राणीची बाग. सहलीला गेला असाल. हत्ती-वाघ आठवत असतील, पण ती मुळात वनस्पती उद्यान आहे, १८६२ साली उघडलेलं. प्राणी नंतर आले. याच बागेत १८७२ पासून लोकांसाठी खुलं असलेलं एक देखणं संग्रहालय आहे. आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. गोव्याच्या मांद्रे गावातून आलेला हा मराठी डॉक्टर आणि विद्वान संग्रहालयासाठी झटला होता, म्हणून त्याचं नाव. ही इमारतही मधल्या काळात बकाल झालीच होती. पण तिच्या शेजारी काही तरी नवीन बांधून टाकू असं कोणी केलं नाही. महापालिका, इन्टॅक आणि एक खासगी प्रतिष्ठान यांनी २००३ मध्ये करार केला, जाणकारांकडून सावकाश काम करून घेतलं, त्याला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या सुरुवातीला संग्रहालय पुन्हा उघडलं. पडक्या इमारतीचं असंही करता येतं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, २००७ मध्ये, त्याच बागेसाठी ४३३ कोटींचा आराखडा आला. परदेशी सल्लागार, आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय वगैरे. त्याला अडवलं कोणी? काही झाडवेड्या बायकांनी. त्या बागेत येऊन झाडं ओळखायच्या, त्यांच्या नोंदी ठेवायच्या. त्यांच्या मोहिमेमुळे बागेतल्या ३,२१३ झाडांचा आणि २८६ जातींचा आकडा मुंबईला माहीत झाला. आराखड्यातल्या चकचकीत चित्रांसमोर त्यांनी भावना ठेवल्या नाहीत, यादी ठेवली. इथे हे झाड आहे, तुमच्या चित्रात इथे काँक्रीट आहे, सांगा काय करणार. आराखडा वारसा समितीत अडला आणि पुढे छाटून १५० कोटींच्या आसपास आला. लढाई पूर्ण जिंकली का? नाही. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले गेले, त्यातली एक तीन महिन्यांत दगावली, आणि बागेत काँक्रीट वाढत राहिलं. पण मूळ आराखडा जसाच्या तसा झाला असता तर काय राहिलं असतं, याचा विचार करा.

त्या बायकांकडे एक गोष्ट होती जी आमच्याकडे नाही: जाऊन भांडायला एक टेबल. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली झाली, देशातली पहिली. त्यामुळे वारसा यादीतल्या वास्तूच्या आवारात काही करायचं तर समितीपुढे जावं लागतं. आमच्या तालुक्याच्या गावात कोणत्या टेबलापुढे जायचं? केंद्राचा कायदा कडक आहे: २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच. पण तो लागू कशाला, तर देशभरातल्या साधारण ३,७०० वास्तूंना. राज्याची १९६० च्या कायद्याखालची स्वतंत्र यादी आहे, तीही मोजकीच. निजामकाळातल्या कचेऱ्या, सराया, बारव, शाळा, डाकबंगले यातले बहुतेक कुठेच नाहीत. म्हणजे ताजमहालाला कायदा आहे आणि आमच्या कचेरीला फक्त कुलूप.

यादीत नाही म्हणजे काहीही बांधा, असं मात्र मुळीच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ सगळ्यांना लागू आहे. कलम ५२ खाली विनापरवाना बांधकाम हा गुन्हा आहे, कलम ५३ खाली नोटीस देऊन ते काढायला लावता येतं. पालिका स्वतः बांधत असली तरी विकास नियमावली तिला सुटलेली नाही. बागेच्या आरक्षणावर बागेला लागणारं थोडंबहुत बांधकाम नियम करू देतात. लग्नाचा हॉल त्यात बसत नाही. अडचण कायद्याची नाही, कायदा कधी वापरायचा याची आहे. रस्त्याकडेच्या भेळवाल्याला नोटीस सकाळी येते आणि गाडा दुपारी उचलला जातो. स्वतःच्या बांधकामाला मात्र पालिका 'कार्यवाही सुरू आहे' म्हणते.

वर आणखी एक आमिष असतं. २०१७ मध्ये राज्याने याच कायद्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करायची वाट काढली. त्यामागे घर घेऊन फसलेल्या गरीब लोकांची अडचण होती, ती मी नाकारत नाही. पण त्यातून गावोगावच्या पुढाऱ्यांनी आणि ठेकेदारांनी शिकलेला धडा एवढाच: बांधून टाका, एक दिवस नियमित होतंच.

आता तो प्रश्न, जो माझ्यासमोर हळू आवाजात विचारला जातो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्या अक्षरांत. 'निजामाची इमारत आहे. आपल्या लोकांवर रझाकारांनी काय केलं माहितीय ना? ती वाचवायला निघालीस?'

माहीत आहे. मराठवाड्यात जन्मलेल्या कोणालाही माहीत असतं. माझ्या आजीच्या माहेरी रात्री दिवे विझवून बसायचे, हे मी ऐकत मोठी झाले. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मी दरवर्षी जाते. पण त्या कचेरीचे दगड निजामाने हैदराबादहून डोक्यावर वाहून आणले नव्हते. ते इथल्याच खाणीतले, इथल्याच वडारांनी फोडलेले, आणि पैसा तुमच्या-माझ्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्याचा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, तेव्हा ती कचेरी आपल्या ताब्यात आली. जी वस्तू लढून मिळवली ती आता शत्रूची कशी? आणि इतिहास इतका सरळ नसतो. त्याच संस्थानाने १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खातं सुरू केलं आणि अजिंठ्याची बौद्ध चित्रं वाचवायला इटलीहून माणसं बोलावली. अजिंठा आपण अभिमानाने दाखवतो. हा वाद काढणाऱ्यांना इतिहासाशी देणंघेणं असतं तर मला बरं वाटलं असतं. बहुतेकांना खड्ड्यावरून लक्ष उडवायचं असतं. उद्या तिथे यादवकाळातलं देऊळ असतं तर 'भाविकांची सोय' म्हणून त्याला खेटून भक्तनिवास उभा राहिला असता, आणि आहेतही तसे ठिकठिकाणी.

उलट, परवानगी कागदावर आहे म्हणून सगळं ठीक, असंही मी म्हणत नाही. नागपूरला दीक्षाभूमीवर भुयारी वाहनतळाचं काम सरकारी यंत्रणेमार्फतच चाललं होतं. स्तूपाला धोका होईल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तिथे जमले आणि काम थांबवावं लागलं. त्याच दिवशी विधानसभेत स्थगितीची घोषणा झाली. ज्यांची जागा त्यांना न विचारता काम रेटलं की काय होतं, हे तिथे दिसलं. मंजूर नकाशा ही किमान पायरी. आमच्याकडे तीही नाही.

जालना शहराबद्दल एक गोष्ट गॅझेटियरमध्ये वाचून मी चकित झाले होते. शहराला एके काळी पाच मोठे तलाव होते. सोळाव्या शतकात जमशेदखानाने बांधलेल्या मोती तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात खेळवलेलं होतं. पाचातला एक उरला. बाकीचे कोणत्या दिवशी गेले, कोणी भरून टाकले, याची आंदोलनं, मोर्चे, निकाल काही नाहीत. पुढे २०१३ च्या दुष्काळात त्याच शहरात टँकरमागे हंड्यांच्या रांगा लागल्या, आणि तेव्हा मात्र जालनेकरांनी वर्गणी काढून घाणेवाडीच्या तलावातला गाळ उपसला. आपल्या लोकांना सार्वजनिक वस्तूची माया नाही असं कोणी म्हटलं की मला हे आठवतं. माया आहे. ती घसा कोरडा पडल्यावर जागी होते.

तर, तुमच्या गावात बागेत खड्डा दिसला तर पहिल्या आठवड्यात करायची कामं. फोटो काढा, पण रील करण्याआधी तारीख आणि जागा दिसेल असा साधा फोटो काढा. जुन्या भिंतीपासून खड्ड्याचं अंतर टेपने मोजून टेपसकट काढा. भिंतीला आधीपासून असलेले तडे आजच टिपून ठेवा, म्हणजे नंतरचे तडे जुनेच होते असं म्हणता येणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. त्यात 'माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगीचा क्रमांक, सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, विकास आराखड्यातलं त्या जागेचं आरक्षण, अशी एकेक कागदाची प्रत मागा. जे कागद नसतील ते नाहीत असं लेखी मिळणं हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. आणि एकट्याने सही करू नका. एकट्या माणसाला घरी येऊन समजावतात. मुलगी असेल तर तिच्या वडिलांना समजावतात. माझ्या वडिलांना दोनदा समजावून झालं आहे. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून पाठवलं.

अभ्यासिकेचं म्हणाल तर आमच्या पालिकेच्या व्यापारी संकुलाचा वरचा मजला रिकामा पडून आहे. गाळे गेले नाहीत, शटरला गंज चढलाय. आम्ही चौघांनी जाऊन तो मोजला. मधल्या दोन भिंती काढल्या तर पासष्ट खुर्च्या बसतात, वीज आहे, पाणी आहे, जिना रस्त्यावरून आहे, आणि मुलींना रात्री नऊला बागेतल्या अंधारातून यावं लागणार नाही. तो नकाशा वहीच्या पानावर काढून आम्ही अर्जाला जोडला. आजवर तरी या कामाचा मंजूर नसलेला का होईना, पण काढलेला नकाशा एवढा एकच आहे.

पहिल्या अपिलाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलंय, सळया तांबड्या पडल्यात आणि कचेरीच्या उत्तरेच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल आली आहे. अर्जावर एकवीस सह्या झाल्या, त्यातल्या चौदा लसूण सोलणाऱ्या बायकांच्या. मित्राने अजून सही केलेली नाही. संकुलाचा मजला मोजताना टेपचं दुसरं टोक मात्र त्यानेच धरलं होतं.